केकचा बैल आणि पिठाचा कोंबडा

करंजीची कड नुसती दाबून बंद केली, तरी आतले सारण तेवढेच गोड लागते. कातणाने ती कापून काढली, तर घाण्यामागून घाणा निघतो आणि तासाभरात डबा भरतो. असे असूनही घरोघर एखादी आजी, डोळ्यांना धड दिसत नसताना, चिमटीत कड धरून तिला बारीक मुरड घालीत बसलेली असते. डब्यातून ताटात आणि ताटातून तोंडात, एवढेच त्या करंजीचे आयुष्य. तेवढ्यासाठी हा खटाटोप कशाला, असे विचारले तर आजी म्हणते, "त्याशिवाय ती करंजी वाटत नाही."

आजीचे हे उत्तर दिसते तितके साधे नाही. अन्नाने पोट भरावे, जिभेला रुची यावी, एवढ्यावर माणूस कधीच थांबलेला नाही. त्याला अन्नाला रूप द्यावेसे वाटते. आणि ते रूप आपल्याच हातांनी मोडून खावेसेही वाटते. या दोन इच्छा एका घरात गुण्यागोविंदाने कशा नांदतात, हा प्रश्न मोठा गमतीचा आहे. तो गमतीचा आहे तसा नीतीचाही आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

विदर्भात महालक्ष्म्या बसतात तेव्हा त्यांच्यावर फुलोरा बांधतात. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिठाच्या तळलेल्या वस्तू दोऱ्यांनी ओवून देवीच्या डोक्यावर टांगायच्या, त्याला फुलोरा म्हणायचे. त्यात करंज्या-पापड्या असतात, तशी पिठाची वेणी असते, फणी असते. देवीला जे जे लागेल ते सारे तिच्या हाताशी हवे, आणि तेही खाण्याजोगे हवे! संक्रांतीला नव्या नवरीच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर आपण हलव्याचे दागिने घालतो. आषाढी अमावास्येला कणकेचे दिवे उकडतो आणि तुपाबरोबर खातो. होळीला मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी पडतात. लग्नाच्या रुखवतात तर खाद्यवस्तूंची काय काय रूपे होतात, ते प्रत्येक विहीणबाईला ठाऊक आहे. तेव्हा सजवलेला केक पाहून "हे परक्यांचे खूळ आपल्याकडे कशाला?" असे जे म्हणतात त्यांच्याशी माझे जमत नाही. वस्तू परकी असेल. हौस आपलीच आहे.

आमचा गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून तो वेगळा झाला. पण बांधीतला चिखल, भातगिरण्यांचा कोंडा आणि सणावारी अनारशाला भिजत घातलेले तांदूळ यांत त्यामुळे काही फरक पडला नाही. गहू इथे पाहुणा, आणि मैद्याचा केक तर पाहुण्याचा पाहुणा. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. बेकऱ्या बंद झाल्या, मुलांचे वाढदिवस मात्र बंद होईनात. मग घरोघर कुकरची शिटी काढून, तळाशी मीठ पसरून, बिस्किटांच्या चुऱ्याचे केक भाजले गेले. पुष्कळ जणींचा हा नाद टाळेबंदीबरोबरच ओसरला. काहींचा टिकला आणि त्याचा लहानसा धंदा झाला. आमच्या शेजारच्या एक बाई या दुसऱ्या वर्गातल्या.

या बाईंचे प्रयोग मी पाहत आले आहे. इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लोणी-साखर फेटून केलेले फूल सकाळी गुलाबासारखे दिसते आणि दुपारी गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंत ओघळलेल्या मेणबत्तीसारखे होते. पावसाळ्यात दुसरीच तऱ्हा. साखरेचा जो मळलेल्या कणकेसारखा गोळा लाटून केकवर शालीसारखा पांघरतात, त्याला फॉन्डंट म्हणतात. तो हवेतला ओलावा ओढून घेतो. त्याची बाहुली केली तर तिला घाम फुटतो आणि झाडे केली तर ती मान टाकतात. बाई चित्रे आदल्या दिवशी न करता तीन-तीन दिवस आधी करून पंख्याखाली वाळवतात. हाताला तेलाऐवजी मक्याचे पीठ लावतात. गुलाबाच्या पाकळ्या चमच्याच्या पोटात वाळत घालतात, म्हणजे त्यांना आपोआप खोलगट बाक येतो. त्यांनी रेल्वेचे इंजिन केले, शाळेचे दप्तर केले, एकदा लोणच्याची बरणीही केली. एका निवृत्त गृहस्थांसाठी केलेली हिशेबाची वही इतकी हुबेहूब उतरली होती, की ते ती उघडायलाच गेले. हसू पिकले, वही कापली गेली, खाल्ली गेली. कोणाला काही वाटले नाही.

वाटले ते बैलाच्या वेळी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला, असे सांगतात. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी पुजून झालेले असतात. दुसऱ्या दिवशी मुले आपापले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात, आणि घरची माणसे त्या बैलांना ओवाळून मुलांच्या हातावर बोजारा ठेवतात. एका घरच्या नातवाचा सहावा वाढदिवस नेमका या दिवशी आला. बैलाचाच केक हवा, असे घरच्यांनी ठरवले. बाईंनी हौसेने काम अंगावर घेतले. उभा बैल केला तर मऊ केकच्या पायांवर धड ठरेना. आत काड्या घालाव्यात, तर त्या मुलाच्या तोंडात जाण्याची भीती. शेवटी त्यांनी बैल बसवला, दुपारी झाडाखाली रवंथ करीत बसतो तसा, पाय पोटाशी दुमडून. पांढरेशुभ्र अंग, शिंगांना बेगड, पाठीवर लाल झूल, गळ्यात घुंगुरमाळ. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळतात, म्हणून वशिंडापुढे किंचित पिवळी छटा! शेजारी म्हणून मीही तेथे होते. केक समोर आला तेव्हा बोलणी थांबली, इतका तो बैल बैलासारखा होता.

मुलाला ओवाळले. मग त्याच्या हातात सुरी दिली. मुलाने बैलाकडे पाहिले, सुरीकडे पाहिले, आणि दोन्ही हात मागे घेतले.

"अरे बाबू, केकच तर आहे तो! काप!" कोणी तरी म्हणाले. वडिलांनी त्याचा हात हातात घेऊन सुरी टेकवायचा प्रयत्न केला. मूल रडकुंडीला आले. इतका वेळ गप्प बसलेली आजी तेव्हा म्हणाली, "आजच्या दिवशी बैलावर सुरी नाही चालवायची." काही जण हसले, काही जणांनी मोबाइल खाली घेतले. अखेर केक आत नेला आणि चौकोनी तुकडे होऊन तो बशीबशीतून बाहेर आला. मुलाने त्यातले दोन तुकडे आवडीने खाल्ले.

एवढीच ही हकिकत. पण त्या मुलाचे आणि आजीचे काय करावे, हे मला बरेच दिवस उलगडेना. पोर आहे आणि म्हातारी आहे, असे म्हणून विषय संपवणे सोपे होते. बहुतेकांनी तो तसाच संपवला. शहाण्या माणसाच्या हिशेबाने मैदा, साखर, लोणी यांना जीव नाही. जीव नाही तेथे हिंसा नाही. हिंसा नाही तेथे प्रश्न नाही. हा हिशेब बिनचूक आहे. मात्र त्यात एक गोष्ट धरलेली नाही. मुलाने केक खायला नकार दिला नव्हता. त्याने बैलाला सुरी लावायला नकार दिला होता. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे सहा वर्षांच्या त्या मुलाला कळले होते.

थोडे आपल्या हातांकडे पाहू या. आपल्या पंक्तीत सुरी नसते. पोळी आपण मोडतो, भाकरी तोडतो, लाडू फोडतो, भात कालवतो. बर्फीच्या वड्या कापतो खऱ्या. पण त्या परातीत थापलेल्या असतात तेव्हा, आणि त्याला आपण म्हणतो वड्या 'पाडणे'. तेथे सुरी आकार मोडण्यासाठी फिरत नाही, आकार देण्यासाठी फिरते. आधी एक वस्तू पूर्ण सजवावी, ती चार माणसांपुढे मांडावी, दिवा लावावा, आणि मग जमलेल्या सर्वांच्या साक्षीने तिला सुरी लावावी, असे आपल्या घरात केकखेरीज दुसऱ्या कोणत्या वस्तूचे होते?

एकाच वस्तूचे होते, ती म्हणजे कोहळा. नवरात्रात, दसऱ्याला, वास्तुशांतीला कोहळा कापतात. तो कशासाठी कापतात, हे सर्वांना माहीत आहे. तेथे पूर्वी जीव जात असे. त्या जिवाच्या बदली हे फळ. म्हणजे आपल्या परंपरेत थाटामाटाने, सर्वांसमक्ष कापणे, याला एकच अर्थ उरलेला आहे, बळीचा. आता आजीच्या डोळ्यांनी तो प्रसंग पाहा. समोर सजवलेला बैल, त्याच्या अंगावर झूल, तबकात निरांजन, भोवती जमाव, आणि हातात सुरी. तिला काय दिसावे? तिला जे दिसले त्याला अंधश्रद्धा म्हणणे म्हणजे वाचता येणाऱ्या माणसाला चष्म्याचा दोष आहे म्हणण्यासारखे आहे. आपण नव्या पदार्थाबरोबर एक नवा विधी घरात आणला आणि त्याचा आपल्या जुन्या भाषेत काय अर्थ होतो, ते वाचून पाहिले नाही. आजीने ते वाचले.

हा प्रश्न नवाही नाही. हजार वर्षांपूर्वी तो आपल्याकडे मोठ्या गांभीर्याने विचारला गेला. जैन वाङ्मयात यशोधर राजाची कथा आहे. सोमदेवसूरींनी ती ९५९ साली पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' या संस्कृत ग्रंथात सांगितली; त्याच शतकात पुष्पदंताने ती अपभ्रंशात 'जसहरचरिउ' म्हणून रचली. हे दुसरे काव्य १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादून आमच्या विदर्भातल्या कारंज्याहून प्रसिद्ध झाले. यशोधराचे मन संसारातून उडते. अशुभ स्वप्नाच्या निवारणासाठी देवीला बळी द्यावा, असा त्याची आई चंद्रमती आग्रह धरते. जीव मारायला राजा तयार नाही. आईचे मन मोडवत नाही. शेवटी तडजोड निघते: कोंबडा पिठाचा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. पीठच तर आहे, हा या तडजोडीचा मथितार्थ. राजा पिठाच्या कोंबड्यावर शस्त्र चालवतो. आणि एवढ्या कृत्यासाठी त्या मायलेकरांना जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनींत फिरावे लागते. मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड, आणि अखेरीस खरोखरीच्या कोंबड्यांची जोडी. तेराव्या शतकाच्या आरंभी जन्न कवीने ही कथा कानडीत सांगितली, तेव्हा त्याच्या कथेतला पिठाचा कोंबडा वार होताच आरवला. गिरीश कार्नाडांनी 'हिट्टिन हुंज', म्हणजे पिठाचा कोंबडा, हे नाटक लिहिले ते याच कथेवरून.

शिक्षा फारच मोठी वाटते खरी. पीठ कापल्याबद्दल इतके जन्म? जैन कथाकारांचे म्हणणे असे की, शस्त्र कशावर पडले हे पाहू नका. ते उचलताना मनात काय होते ते पाहा. राजाच्या मनात मारण्याचा संकल्प होता. संकल्पाला पीठ आणि पक्षी यांतला फरक कळत नाही. याच्या उलट, तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांनी यज्ञात खऱ्या पशूऐवजी पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू, वापरण्याचा पुरस्कार केला. त्यांच्या दृष्टीने ती दया होती; एक जीव तरी वाचला. एकाने पिठाच्या पशूत हिंसा पाहिली, दुसऱ्याने करुणा. पण गंमत अशी की, एका बाबतीत दोघांचे एकमत आहे. "पीठच तर आहे" असे दोघेही म्हणत नाहीत. आकार दिला की ते नुसते पीठ राहत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. वादाचा मुद्दा एवढाच की, त्या आकाराचे पुढे काय करायचे.

आता कोणी विचारील, मग साखरेच्या हत्ती-घोड्यांचे काय? लहानपणी बाजारातून आणलेल्या साखरेच्या घोड्याचे डोके आपण पहिल्यांदा कडाडून चावलेले आहे, आणि त्या वेळी यशोधर राजा आपल्या स्वप्नातही नव्हता. शंका रास्त आहे. त्या दूरच्या मेक्सिको देशात तर याहून नवल आहे. तेथे नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखांना, म्हणजे आपल्या दिवाळीच्याच आगेमागे, मृतांचा सण असतो. त्यासाठी साखरेच्या कवट्या करतात, त्यांना रंगीबेरंगी सजवतात आणि कपाळावर नावे लिहितात. पुष्कळदा ती नावे जिवंत माणसांची असतात. मित्र मित्राला त्याच्याच नावाची कवटी भेट देतो आणि तो हसत हसत ती खातो! आमच्याकडे मुलाच्या फोटोचा केक आला आणि सुरी फोटोवर जाऊ लागली, तर आई चटकन हात धरते. तिकडे माणूस स्वतःच्या नावाची कवटी चघळतो. यातले बरोबर कोण?

दोघेही बरोबर आहेत, असे मी म्हणेन. मेक्सिकोतला माणूस कवटी खातो तेव्हा मृत्यूला भिऊन राहायचे नाही, त्याच्याशी चार दिवस सोयरीक करायची, हा त्याचा संकल्प असतो. साखरेचा घोडा चावणाऱ्या मुलाला घोडा मारायचा नसतो. त्याला साखर खायची असते आणि खाताना घोड्याशी खेळायचे असते. तो घोडाही कोण्या एका नावाचा नसतो. साच्यातून निघालेल्या शंभरांपैकी एक. बैलाची गोष्ट निराळी होती. त्या दिवशी, त्या घरात, बैल हा देव होता. अर्ध्या तासापूर्वी मुलाने लाकडाच्या बैलाला कुंकू लावलेले आपण पाहिले, त्याचे कौतुक केले, बोजारा दिला. 'लाकूडच तर आहे' असे तेव्हा आपण म्हणालो नाही. आणि लगेच पुढच्या घटकेला त्याला सांगितले, 'केकच तर आहे.' मुलाने आपले पहिले शिक्षण खरे मानले, हा काय त्याचा दोष?

आकार खरा की खोटा, हे आपण सोयीप्रमाणे ठरवतो. याच तान्ह्या पोळ्याच्या पहाटे आमच्याकडे नारबोद गावाबाहेर काढतात. रोगराई, इडापिडा घेऊन जा असे म्हणून त्या बाहुलीची बोळवण करतात. नागपूरकर मारबत काढतात ती याच भावनेने. बाहुली जाळल्याने रोग जातो की नाही, ते असो. पण जाळणाऱ्याला ती नुसती काड्या-कागदांची वाटत नसते. एकाच दिवशी आपण एका आकृतीला ओवाळतो आणि दुसरीला पेटवतो. दोन्हींत अर्थ आहे, कारण दोन्ही ठिकाणी शेवट आकाराला साजेसा आहे.

मला या सगळ्यातून जे हाती लागले ते एवढेच. अन्नाला कोणता आकार द्यावा, याला फारशी बंधने नसावीत. पण जो आकार देतो त्याने त्याच्या शेवटाचाही विचार केला पाहिजे. रांगोळी पायाखाली जायचीच असते, ती उंबऱ्याशी काढतात. गणपती पाण्यात जायचा असतो, म्हणून तो मातीचा. अलीकडे कोणी कोणी चॉकलेटचा गणपती करतात, तो दुधात विरघळवतात आणि ते दूध मुलांना वाटतात. सुरी लावून त्याचे तुकडे वाटावेत, असे कोणाला सुचत नाही. पदार्थ तोच, पोटात जायचा तोही तोच; परंतु विरघळणे वेगळे आणि कापणे वेगळे. या फरकाला तर्काच्या तराजूत वजन नसेल. संस्काराच्या तराजूत आहे.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. खरा बैल बांधीतून दिसेनासा होत चालला. चिखलणीला ट्रॅक्टर आला, थकलेला बैल बाजाराच्या वाटेला लागला. तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. आणि आता साखरेच्या बैलासाठी हळवे व्हायचे, हा दांभिकपणा नव्हे काय? आक्षेप कडू आहे आणि त्यात सत्य आहे. पण त्याचा रोख मोठ्या माणसांकडे असू द्यावा. मुलाने बैल विकलेला नाही. खोट्या बैलाविषयी वाटणारी माया म्हणजे खऱ्या बैलाविषयीचे कर्तव्य नव्हे, हे कबूल. तरीही, खोट्या बैलाविषयीची माया हसून उडवल्याने खऱ्याविषयीचे कर्तव्य कोणी शिकल्याचे मी पाहिलेले नाही. माया आधी खेळात रुजते. बाहुलीला निजवता निजवता मूल भावंडाला निजवायला शिकते. सुरी धरलेला हात मागे घेण्याची ती जी एक घटका आहे, ती फार मोलाची आहे. पुढे आयुष्यात किती तरी वेळा माणसाला कोणी सांगणार असते: कागदच तर आहे, सही कर, आकडाच तर आहे, बदल, झाडच तर आहे, तोड. त्या वेळी हात मागे घेण्याची सवय कोठून येणार? ती टाळ्यांच्या गजरात, वडिलांच्या हाताखाली, सहाव्या वर्षी मोडून टाकायची काय?

आमच्या शेजारच्या बाईंनी या विषयावर काही विचार मांडले नाहीत. त्यांनी दुसरा केक केला. पुढच्या वर्षी त्याच घरून तीच मागणी आली. या वेळी खालचा केक त्यांनी धानाच्या बांधीचा केला: चॉकलेटचे धुरे, मधे नळीतून पाडलेली क्रीमची हिरवी रोपे, एका कोपऱ्यात जेलीचे पाणी. बैल तेवढा निराळा, साखरेचा, वितीएवढा, पुठ्ठ्याच्या चकतीवर बसवून धुऱ्यावर ठेवलेला. ओवाळून झाल्यावर आजीने बैल उचलून देवघरात नेला आणि मुलाने खुशाल बांधी कापली. बांधीतून नांगर जायचाच असतो. तेथे सुरी शोभली. फोटोचे केकही बाई आता तसेच करतात. खाण्याच्या शाईने छापलेला तो पातळ पापुद्रा केकवर न चिकटवता बाजूला पाटीसारखा उभा करतात, म्हणजे सुरीला वाट मोकळी राहते. कोणी त्यांना हे शिकवले नाही. गिऱ्हाइकाच्या हातातली सुरी कोठे पडणार, हे आधी मनात आणून मग त्या आकार ठरवतात, एवढेच.

देवघरातल्या बैलाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याला मुंग्या लागण्याच्या आत मुलानेच दुसऱ्या दिवशी तो गुपचूप खाली काढला. आधी शिंगे चाटली, मग वशिंड. संध्याकाळपर्यंत बैल संपला. आजी रागावली नाही. ती म्हणाली, "गोड लागला ना?" सुरीला 'नाही' म्हणणाऱ्या आजीला जिभेचे काही वाटले नाही; मला तरी यात विसंगती दिसत नाही. प्रसाद चाटूनच खातात.

जाता जाता एक गोष्ट बाईंकडूनच कळली, ती सांगून ठेवते. असल्या चित्रांच्या साखरेला चिवटपणा यावा म्हणून काही ठिकाणी जिलेटिन घालतात, आणि जिलेटिन निघते ते जनावरांच्या कातड्या-हाडांतून. बाई डबा घेताना त्यावरची शाकाहाराची हिरवी खूण पाहून घेतात. बैलाच्या आकाराने आपण दचकतो. त्याच्या हाडाचा अंश पांढऱ्याशुभ्र साखरेत मिसळला, तर आपल्याला पत्ताही लागत नाही. डोळ्यांना दिसते तेवढ्यापुरतीच आपली दया जागी राहिली, तर ती अर्धीच म्हणायची. पण म्हणून दिसणाऱ्याविषयीची दया झोपवून समानता साधायची नसते. न दिसणाऱ्याचीही चौकशी करू लागायचे असते. आकाराविषयी हळवी असलेली बाईच डब्यावरची खूणही वाचते, हा काही योगायोग नाही.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या खेड्यांतून शेणाचे गोधन घालतात. बायका पहाटे उठून ते रचतात, त्यावर फुले खोचतात, त्याची पूजा होते. मग गाई सोडतात आणि त्या गोधनावरून चालत जातात. इतक्या निगुतीने रचलेले गोधन खुरांखाली विस्कटते, आणि रचणाऱ्या बायकांना त्याचे वाईट वाटत नाही. ते कोणासाठी रचले आणि कोणाच्या पायांखाली जायचे, हे पहिला गोळा ठेवतानाच त्यांना माहीत असते. करंजीला मुरड घालणाऱ्या आजीलाही ते माहीत असते. या दिवाळीत तुमच्या घरी एखादे मूल करंजी हातात धरून, ती न मोडता, नुसती पाहत बसले, तर त्याला घाई करू नका. खाईल ते.